शाळेने पोरांच्या हातात दोन हजार रुपये दिले, तर काय होतं?

दिल्लीच्या सरकारी शाळांतला उद्योजकतेचा तास, त्यातून मिळालेले धडे आणि आपल्या आनंद बाजारात दडलेली संधी

हिवाळा आला की बेळगाव परिसरातल्या शाळांच्या पटांगणात आनंद बाजार भरतो. कन्नड शाळांत त्यालाच ‘मक्कळ संते’ म्हणतात. कुणी भेळ विकतं, कुणी परसातली मेथी आणतं, कुणी आईने करून दिलेल्या चकल्या मांडून बसतं. पाहुणे फीत कापतात, पालक कौतुकाने दहाची वस्तू वीसला घेतात, फोटो निघतात. संध्याकाळी आवराआवर होते आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी वर्गात सहसा कुणी विचारत नाही, की बाळांनो, काल फायदा किती झाला? की तोटाच झाला?

हाच प्रश्न नववी ते बारावीच्या मुलांना वर्षभर, रोजच्या वेळापत्रकात आणि सरकारी पैशातून विचारायचा, असं काही वर्षांपूर्वी दिल्लीने ठरवलं. तिथे काय झालं, हे समजून घेणं सीमाभागातल्या शाळांनाही उपयोगाचं आहे. कारण दिल्लीच्या त्या वर्गांत बसणारी मुलं आणि शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून किंवा उद्यमबागेतल्या कामगारांच्या घरातून शाळेत येणारी मुलं, यांची घरची परिस्थिती फारशी वेगळी नाही.

मुळात ही कल्पना आली कुठून?

गरीब वस्तीतल्या हायस्कूलच्या मुलांना धंदा शिकवायचा, ही कल्पना रुजली ती अमेरिकेत. स्टीव्ह मॅरिओटी हे फोर्ड मोटर कंपनीत काम केलेले गृहस्थ. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःचा छोटा आयात-निर्यातीचा व्यवसाय काढला. १९८१ मध्ये रस्त्यात काही पोरांनी त्यांना अडवून, मारहाण करून थोडेसे पैसे लुटले. या प्रसंगाने ते हादरले. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते वेगळंच होतं. त्यांनी धंदा सोडला आणि जिथे शिक्षक टिकत नाहीत, अशा शाळांत शिकवायला गेले.

सुरुवातीला वर्ग अजिबात ऐकेना. मॅरिओटी सांगतात त्याप्रमाणे, एक दिवस वैतागून त्यांनी हातातलं घड्याळ काढलं आणि ते वर्गाला विकायचं नाटक सुरू केलं. वर्ग एकदम शांत झाला. घड्याळ किती रुपयांना आणलं, कितीला विकलं, मधले पैसे कुणाचे, या गणितात सगळ्यात दंगेखोर पोरंच पुढे होती. यातूनच १९८७ मध्ये त्यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना उद्योजकता शिकवणारी ‘एनएफटीई’ ही संस्था काढली. ती आजही चालू आहे.

मॅरिओटींच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. गरीब घरातल्या पोराला व्यवहार कमी कळतो असं नाही. उलट त्याला तो जास्तच कळतो. भाव करणं, माणूस ओळखणं, आज पैसे नाहीत तर उद्यापर्यंत कसं भागवायचं, हे तो घरात रोज बघतो. फक्त शाळेत या हुशारीला मार्क नसतात.

दिल्लीने नेमकं काय केलं?

फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली सरकारने ‘एंटरप्रेन्योरशिप माइंडसेट करिक्युलम’, म्हणजे उद्योजकीय मनोवृत्तीचा अभ्यासक्रम, जाहीर केला. सरकारी शाळांतल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी तो होता. त्याला परीक्षा नव्हती आणि मार्कही नव्हते. गोष्टी, गटात करायच्या कृती, चर्चा आणि प्रत्यक्ष उद्योजकांशी गप्पा असं त्याचं स्वरूप होतं. पोराने दुकानच काढावं असा आग्रह नव्हता. नोकरी केली तरी स्वतः विचार करणारा, चुकल्यावर पुन्हा उभा राहणारा माणूस व्हावा, हा हेतू होता.

पुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. खिचडीपूर इथल्या एका सरकारी शाळेत ४१ मुलांचे ९ गट करून प्रत्येकाला एक हजार रुपये बीजभांडवल दिलं गेलं. तो प्रयोग जमला म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ नावाने तो सगळ्या सरकारी शाळांत नेला. अकरावी-बारावीच्या सुमारे तीन लाख मुलांसाठी प्रत्येकी दोन हजार रुपये, अशी साठ कोटींची तरतूद झाली. मुलांनी गट करायचे, कल्पना मांडायची, ती शाळेत आणि पुढे जिल्ह्यात तपासून घ्यायची आणि मग काम सुरू करायचं. पन्नास हजारांच्या आसपास कल्पना पुढे आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर निवडक गटांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. मार्च २०२२ मध्ये त्यागराज स्टेडियममध्ये १२६ गटांनी गुंतवणूकदारांसमोर आपली उत्पादनं मांडली. २०२२ च्या अखेरीस पंजाबनेही अकरावीच्या मुलांसाठी अशीच योजना निवडक शाळांत सुरू केली.

२०२५ मध्ये दिल्लीत सरकार बदललं आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या जागी ‘नीव’ नावाची नवी योजना आली. आता तिच्यात आठवीपासूनची मुलं आहेत. म्हणजे दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांना हा विषय शाळेत असावा, असं वाटलं. पण शिक्षकांचं काय? एका पद्धतीत जरा हात बसतो न बसतो तोच नवं पुस्तक, नवं प्रशिक्षण. सरकारी उपक्रमांचं हे जुनं दुखणं इथेही आहेच.

या तासाला शिकवतात तरी काय?

उद्योजकता म्हटलं की लोकांना मोठी मोठी भाषणं आठवतात. प्रत्यक्षात शाळेत शिकवण्यासारखा गाभा चार-पाच गोष्टींचा आहे. आनंद बाजारातल्या भेळेच्या स्टॉलवरच तो समजून घेता येईल.

समजा, नववीतल्या चार मुलींनी साठ प्लेट भेळेची तयारी केली. चुरमुरे, फरसाण, कांदा, टोमॅटो, चटणी मिळून ५६० रुपये. प्लेटा आणि चमचे ९० रुपये. गॅस आणि रिक्षा ७० रुपये. एकूण खर्च ७२० रुपये, म्हणजे एका प्लेटमागे १२ रुपये. विक्रीचा भाव २० रुपये. दिवसअखेर ५२ प्लेट खपल्या, गल्ला झाला १,०४० रुपयांचा.

इथे बहुतेक मुली आनंदाने सांगतील, ‘सर, हजार रुपये मिळाले!’ खरा तास इथून सुरू होतो.

पहिला प्रश्न: मिळाले की उरले? खर्च वजा जाता उरले ३२० रुपये. गल्ला आणि फायदा यातला हा फरक ज्याला कळला, त्याने अर्धा धंदा शिकला.

दुसरा प्रश्न: कांदा-टोमॅटो घरून आणला असता तर? फायदा जास्त दिसला असता, पण तो आईच्या पिशवीतून आला असता. घरची वस्तूही खर्चात धरायची, हे भल्याभल्या दुकानदारांना जमत नाही.

तिसरा प्रश्न: तुमच्या कष्टाचं काय? चौघींनी चार-चार तास काम केलं, म्हणजे १६ तास. ३२० रुपये भागिले १६, तासाला २० रुपये. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग जरा गप्प होतो. कारण घरी आई शिवणकाम करते किंवा पापड लाटते, तिचा तासाचा भाव काय पडतो, हे गणित मुली मनातल्या मनात करू लागतात.

चौथा प्रश्न: उधारी. पाच मैत्रिणींनी ‘उद्या देते गं’ म्हटलं असेल, तर शंभर रुपये बाहेर राहिले. कागदावर फायदा ३२०, पण हातात २२०. चालतं दुकान बंद पडतं ते अनेकदा तोट्यामुळे नव्हे, रोख अडकल्यामुळे.

पाचवा प्रश्न: उरलेल्या आठ प्लेटांचं काय? पुढच्या वेळी किती करायच्या? की शेवटच्या अर्ध्या तासात भाव उतरवायचा? याचं एकच उत्तर नाही, म्हणून तर चर्चा रंगते.

हे सगळं सातवी-आठवीच्या गणितात बसणारं आहे. वेगळा तज्ज्ञ आणायची गरज नाही.

खरंच उपयोग होतो का?

याचं उत्तर ‘हो’ असं सरसकट देता येत नाही.

नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात मुलांकडून छोटी कंपनी चालवून घेण्याच्या उपक्रमाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची कौशल्यं फारशी वाढली नाहीत आणि व्यवसाय करायची इच्छा तर उलट कमी झाली, असं त्यात दिसलं. काहींना यात अपयश दिसेल. पण धंद्यात किती कटकटी असतात, ते मुलांना कळलं आणि त्यांनी शहाणपणाने विचार बदलला, असाही त्याचा अर्थ निघतो.

त्याच देशात अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. काही दिवसांच्या उपक्रमानंतर मुलांची व्यवसायाची माहिती विशेष वाढली नव्हती. पण चिकाटी, आत्मविश्वास, स्वतःहून पुढाकार घेणं हे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. लहानपणी स्वभाव घडतो, मग तो बदलणं अवघड जातं, असं आपली आजीही सांगते.

तिसरा अभ्यास युगांडातला. हायस्कूलच्या मुलामुलींना तीन आठवड्यांचं शिबिर दिलं गेलं. एका गटाला जास्त भर हिशेब आणि भांडवलावर, तर दुसऱ्याला बोलणं, पटवणं, वाटाघाटी यांवर. साडेतीन वर्षांनी पाहिलं तेव्हा, शिबिर न मिळालेल्यांच्या तुलनेत दोन्ही गटांतली मुलं व्यवसाय सुरू करण्यात आणि चालवण्यात पुढे होती. पटवण्याची आणि वाटाघाटीची ताकद मात्र दुसऱ्या गटात वाढलेली दिसली.

तिन्ही मिळून एवढं म्हणता येतं: लवकर सुरुवात करा, पुस्तकी व्याख्या कमी ठेवा, बोलायला आणि ठरवायला जास्त लावा. आणि दर पोर उद्योजक होईल, अशी अपेक्षा धरू नका.

धोके कुठे आहेत?

पहिला धोका बोलण्यातला आहे. ‘नोकरी मागणारे नको, देणारे व्हा’ हे वाक्य व्यासपीठावर छान वाटतं. पण ज्याच्या घरी दोन महिन्यांचं भाडं थकलंय, त्या पोराला ते ऐकताना वाटू शकतं, की आपल्या बापाचं काहीतरी चुकलं म्हणून आपण गरीब आहोत. कापडाचा भाव पडला, कारखान्याने कामगार कमी केले, यात बापाच्या जिद्दीचा दोष नसतो. शिक्षकाने हे वर्गात उघड सांगायला हवं.

दुसरा धोका तोट्याचा. श्रीमंताघरच्या पोराचे दोन हजार बुडाले तर तो अनुभव ठरतो, गरीबाघरी तेच पैसे बुडाले तर भांडण होतं. म्हणूनच बीजभांडवल शाळेने द्यायचं असतं, पालकांकडून आणायला सांगायचं नसतं. बुडालं तरी हिशेब नीट लिहिला असेल तर त्या गटाचं कौतुक झालं पाहिजे.

तिसरा धोका शिकणं आणि राबणं यातली रेघ पुसण्याचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा असं सांगतो: १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवता येत नाही, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्यापुरती सूट आहे. १४ ते १८ वयातल्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी आहे. शाळेतला स्टॉल चांगला चालला म्हणून दहावीआधी पोराला गाड्यावर उभं केलं, तर उपक्रमाचा उद्देशच हरला.

चौथा धोका मुलींच्या बाबतीतला. स्टॉलवर भेळ कालवायला मुली आणि गल्ल्यावर मुलगा, हे दृश्य अनोळखी नाही. गल्ला आणि वही आळीपाळीने सगळ्यांकडे जाईल, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडतो.

आपल्याकडे काय करता येईल?

दिल्लीसारखे साठ कोटी कुठल्या मराठी हायस्कूलकडे नाहीत. ते लागतही नाहीत. माजी विद्यार्थ्यांनी किंवा एखाद्या मंडळाने वर्गाला पाच हजार रुपये दिले, तरी दहा गटांना पाचशे-पाचशे मिळतात.

एका दिवसाचा आनंद बाजार तीन टप्प्यांचा करता येईल. आधी महिनाभर तयारी: काय विकायचं, कुणाला, भाव काय, हे गणपत गल्ली किंवा खडेबाजारात फिरून, चार दुकानदारांना विचारून ठरवायचं. मग बाजार. आणि नंतरच्या आठवड्यात दोन तास फक्त हिशेबाचे, वर दिलेल्या पाच प्रश्नांसह.

गप्पांसाठी मोठा उद्योगपती शोधायची गरज नाही. उद्यमबागेत दोन मशीनवर वर्कशॉप चालवणारा, बचत गटातून मसाले विकणारी बाई, कोपऱ्यावरचा चहावाला, यांना अर्धा तास बोलवा. आणि विचारायचं ते यशाबद्दल नाही: ‘काका, कधी बुडालात? मग काय केलंत?’

सीमाभागातल्या पोरांकडे एक भांडवल आयतं आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर हिंदी-उर्दू, कोंकणी गिऱ्हाईक आलं तर तीही. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणं ही धंद्यातली मोठी ताकद. तसंच पुढे परवाने, अर्ज, नोटिसा बहुतेक कन्नडमध्येच हातात पडतात. एखादा खरा अर्ज वर्गात आणून तो भरायला शिकवला, तर त्या एका तासाचा उपयोग पोराला आयुष्यभर होईल.

यंदाच्या आनंद बाजारासाठी सुरुवात म्हणून प्रत्येक गटाला एक दहा रुपयांची वही द्यावी. डाव्या पानावर गेलेले पैसे, उजव्या पानावर आलेले, खाली राहिलेली उधारी. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सरांनी किंवा बाईंनी एवढंच विचारावं: काल उरले किती?