निर्दोष दिसणाऱ्या डोळ्यातील अंधत्व

मध्यमवयीन कुत्र्याची दृष्टी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, पूर्णपणे जावी आणि तरीही डोळ्याच्या तपासणीत कोणताच दोष आढळू नये, अशी एक अवस्था पशुवैद्यकाला १९८०च्या दशकापासून परिचित आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘सार्ड्स’ म्हणतात. दृष्टिपटलाचा आकस्मिक ऱ्हास असा तिचा आशय आहे. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरील प्रकाशसंवेदी पडदा. त्यातील दंडपेशी मंद उजेडात आणि शंकुपेशी लख्ख उजेडात काम करतात, आणि सार्ड्समध्ये या दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी निकामी होतात. हा विकार कोणत्याही जातीत होऊ शकतो. तथापि डॅक्सहुंड, मिनिएचर श्नाउझर आणि पग या जातींत तो अधिक आढळतो, आणि यांपैकी डॅक्सहुंड व पग महाराष्ट्रातील शहरांतही हौसेने पाळले जातात.

दृष्टी जाण्याच्या सुमारास अशा अनेक कुत्र्यांची तहान, भूक आणि लघवी वाढते, वजन चढते आणि सुस्ती येते. ही लक्षणे कुशिंग रोगाशी, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवल्याने होणाऱ्या विकाराशी, इतकी जुळतात की दोहोंत काही नाते असावे असा संशय अभ्यासकांना फार पूर्वीपासून आहे. पण कारण अद्याप सिद्ध झालेले नाही.

दृष्टी आहे की नाही हे घरी ताडणे वाटते तितके सोपे नाही. डोळ्यासमोर हात हलवला की वाऱ्याच्या स्पर्शानेही कुत्रा पापणी मिटतो आणि मालकाची फसगत होते. म्हणून पशुवैद्य कापसाचा बोळा कुत्र्यासमोर सोडतात, कारण तो पडताना ना आवाज होतो ना वारा लागतो, आणि नजर त्याच्यामागे गेली नाही तर शंकेला आधार मिळतो. निर्णायक चाचणी मात्र इलेक्ट्रोरेटिनोग्राम ही होय. प्रकाशाच्या झोताला दृष्टिपटल जो विद्युत्प्रतिसाद देते त्याचा आलेख तीत काढला जातो, आणि सार्ड्समध्ये ही रेषा सपाट येते. उलट मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नेत्रचेतेला सूज आल्याने अंधत्व आले असेल, तर आलेख सर्वसाधारण येतो. रंगीत प्रकाशाची चाचणीही उद्‌बोधक असते: सार्ड्समध्ये तांबड्या प्रकाशाला बाहुली दाद देत नाही, पण प्रखर निळ्या प्रकाशाला ती आकुंचन पावते, कारण दृष्टिपटलाच्या आतील थरातील काही चेतापेशींत मेलॅनोप्सिन नावाचे स्वतंत्र प्रकाशग्राही द्रव्य असते आणि या पेशी शाबूत राहिलेल्या असतात.

हा सारा काटेकोरपणा आवश्यक ठरतो, कारण अचानक आलेले प्रत्येक अंधत्व सार्ड्स नसते, आणि जी इतर कारणे आहेत त्यांतील काहींवर उपचार असून त्यांत वेळ दवडणे महागात पडते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्तदाब वाढून दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटू शकते, आणि दाब त्वरित उतरवल्यास काही दृष्टी परतण्याची शक्यता असते. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या तपकिरी गोचिडीमार्फत पसरणारा एर्लिकिओसिस, ज्याला लोक गोचीड ताप म्हणतात, तोही डोळ्यात दाह आणि रक्तस्राव घडवतो. गोचिडी मारण्यासाठी दिलेल्या आयव्हरमेक्टिनची मात्रा चुकली, तर तेही तात्पुरते अंधत्व आणते. अशा वेळी गोचिडीपेक्षा तिच्यावरचा उपाय भारी पडतो, असेच म्हणावे लागेल. पीआरए, म्हणजे दृष्टिपटलाचा क्रमाक्रमाने होणारा ऱ्हास, या आनुवंशिक विकारात दृष्टी खरे तर सावकाश, आधी रात्रीची मग दिवसाची, जाते. परंतु घरातील वाटा कुत्र्याला पाठ असल्याने ही घट शेवटच्या टप्प्यापर्यंत ध्यानात येत नाही, आणि अंधत्व अचानक आल्यासारखे वाटते.

सार्ड्सवर सिद्ध उपचार नाही. रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वापरून पाहिली गेली आहेत, पण त्यांनी दृष्टी टिकवल्याचा खात्रीशीर पुरावा नाही आणि दुष्परिणाम मात्र खरे आहेत. दृष्टी परत आणून देण्याची हमी देणाऱ्याकडे संशयानेच पाहिलेले बरे. डोळा सहसा दुखत नसल्यामुळे, आणि घ्राण व श्रवण यांवर कुत्र्याची मूळचीच मदार असल्यामुळे, बहुतेक कुत्री काही आठवड्यांत वा महिन्यांत घरात पुन्हा सराईतपणे वावरू लागतात. त्यासाठी खाट, खुर्च्या जागच्या जागी ठेवाव्या लागतात, जिन्याच्या तोंडाशी आडोसा लागतो, आणि वाढलेली तहान लक्षात घेता पाण्याचे भांडे भरलेले आणि रोज त्याच कोपऱ्यात असावे लागते.