संगीत आणि सत्ता – लेखांक सातवा : कार्यक्रम कोणाचा?

ज्या राजकीय पुढाऱ्याची धोरणे कलावंताला मान्य नाहीत त्याच्यासमोर त्याने गावे-वाजवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवण्याचा वाटतो. आणि म्हणूनच त्याची चर्चा बहुधा ‘कलेने राजकारणापासून दूर राहावे’ किंवा ‘कलावंताने भूमिका घेतलीच पाहिजे’ अशा दोन ठरीव वाक्यांपाशी येऊन अडते. विसाव्या शतकातील काही थोर वादकांना आणि वाद्यवृंद-संचालकांना मात्र या प्रश्नाची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागली, आणि त्यांचे वर्तन बारकाईने तपासले की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. समोर कोण बसले आहे यापेक्षा तो कार्यक्रम कोणाचा आहे, त्यात काय वाजवायचे हे कोण ठरवतो, आणि ‘जमणार नाही’ असे म्हणण्याची सोय वाजवणाऱ्याला उरली आहे की नाही, या बाबी अधिक निर्णायक ठरतात, असे प्रस्तुत लेखांकाचे प्रतिपादन आहे.

राजाश्रयात, म्हणजे संस्थानिकाने वेतन देऊन गवयाला पदरी ठेवण्याच्या व्यवस्थेत, हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण दरबारातून बोलावणे आले की गवई जाऊन बसे आणि यजमानाच्या राज्यकारभाराविषयी त्याचे काय मत आहे हे कोणी विचारीत नसे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते कोणा एका संस्थानिकाच्या तिजोरीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि जाहीर कार्यक्रमांच्या उत्पन्नावर चालले. या व्यवस्थेला लोकाश्रय म्हणतात. संगीताच्या प्रसाराचे साधन म्हणून लोकाश्रयाचे महत्त्व सर्वमान्य आहे, परंतु त्याचा दुसरा परिणाम तितकाच मोलाचा आहे. दुसऱ्या गावी श्रोते तिकीट काढून बसलेले असतील, तरच पहिल्या गावच्या यजमानाला गवई नाही म्हणू शकतो. नकाराला जसे धैर्य लागते तसा पोटापाण्याचा आधारही लागतो, हे पुढील सर्व उदाहरणांत ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

इटलीचे संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांचे नाव या संदर्भात सर्वांत आधी घेतले जाते. (संचालक म्हणजे स्वतः वाद्य न वाजवता, हातातील छडीच्या खुणांनी शंभरेक वादकांच्या वाद्यवृंदाची लय, जोर आणि भाव नियंत्रित करणारा कलावंत.) १९१९ च्या निवडणुकीत याच तोस्कानिनींनी मिलान येथे मुसोलिनीच्या यादीतून उमेदवारी केली होती, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही, पण ती सांगितली पाहिजे, कारण माणसाचे मत बदलू शकते आणि बदललेल्या मताची तो किती किंमत मोजतो यावरूनच त्याची परीक्षा होते. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर ‘जोव्हिनेझ्झा’ हे फॅसिस्ट पक्षाचे गीत सार्वजनिक समारंभांत वाजवले जाऊ लागले, आणि ते वाजवण्यास तोस्कानिनी सातत्याने नकार देत राहिले. १४ मे १९३१ रोजी बोलोन्या येथे ज्युसेप्पे मार्तुच्ची या दिवंगत संगीतकाराच्या स्मरणार्थ त्यांचा कार्यक्रम होता, सरकारातील बडे लोक येणार होते, आणि आरंभी राजगीत व पक्षगीत वाजवावे असा आग्रह धरला गेला. चौसष्ट वर्षांचे तोस्कानिनी मोटारीतून नाट्यगृहाच्या दाराशी उतरले तेव्हा काळे सदरे घातलेल्या पक्षाच्या तरुणांनी त्यांना घेरले, पक्षगीत वाजवणार की नाही असे विचारले, आणि ‘नाही’ हे उत्तर मिळताच त्यांच्या तोंडावर मारले. कार्यक्रम झाला नाही. हॉटेलच्या खिडकीखाली जमावाच्या घोषणा चालू राहिल्या, आणि त्याच रात्री त्यांना गाव सोडावे लागले. पुढे काही काळ त्यांचे पारपत्रही काढून घेण्यात आले होते.

या प्रसंगातील एक बारकावा बहुतेक वेळा नजरेआड होतो. सत्ताधाऱ्यांनी श्रोत्यांत बसू नये असे तोस्कानिनींनी म्हटले नव्हते. त्यांचा आक्षेप श्रोत्यांवर नसून कार्यक्रमपत्रिकेत घुसवल्या जाणाऱ्या त्या गीतांवर होता. मार्तुच्चीच्या स्मृतीसाठी योजलेली संध्याकाळ पक्षाची संध्याकाळ होऊ द्यायची नाही, एवढीच त्यांची मागणी होती, आणि राजवटीला नेमकी तेवढीच गोष्ट सहन झाली नाही. त्यानंतर फॅसिस्ट सत्ता असेपर्यंत त्यांनी मायदेशात छडी उचलली नाही. ११ मे १९४६ रोजी युद्धात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभारलेल्या मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहात ते परतले. मधली पंधरा वर्षे त्यांना न्यूयॉर्कचा वाद्यवृंद आणि अमेरिकेचे श्रोते होते. वर आधार म्हटला तो हाच.

जर्मनीचे विल्हेल्म फुर्टवेंगलर यांचे उदाहरण अधिक अवघड आहे आणि म्हणून त्याच्यापाशी अधिक रेंगाळणे योग्य होईल. १९२२ पासून बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे ते प्रमुख संचालक होते. ते नाझी पक्षाचे सभासद कधीच झाले नाहीत. उलट एप्रिल १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन तीन महिने होत नाहीत तोच, त्यांनी प्रचारमंत्री गोबेल्स याला जाहीर पत्र लिहून, कलेत चांगले आणि वाईट एवढाच भेद आपण मानतो, ज्यू आणि बिगरज्यू हा भेद मानत नाही, अशा आशयाची भूमिका मांडली. पुढच्या वर्षी राजवटीचा रोष ओढवलेल्या हिंडेमिट या संगीतकाराच्या बाजूने त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्याची परिणती डिसेंबर १९३४ मध्ये सर्व पदांच्या राजीनाम्यात झाली. अनेक ज्यू वादकांना त्यांनी स्वतःची पत खर्चून मदत केली, हेही कागदोपत्री सिद्ध झाले आहे. अशा माणसाला केवळ संधिसाधू म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही १९३५ च्या वसंतात ते त्याच वाद्यवृंदापुढे पुन्हा उभे राहिले. मध्यंतरी वाद्यवृंदाची मालकी बदलली होती: आर्थिक अडचणीत सापडलेली ही संस्था १९३४ मध्ये जर्मन सरकारने ताब्यात घेऊन गोबेल्सच्या खात्याखाली आणली होती, आणि संस्थेतील ज्यू वादक एकेक करून निघून गेले होते. बीथोवनच्या स्वररचनेत यामुळे तसूभरही फरक पडला नव्हता, परंतु ती कधी, कोठे आणि कशाच्या निमित्ताने वाजावी हे ठरवणारा हात बदलला होता. जर्मनीत येऊन आपल्यासोबत वाजवावे असे निमंत्रण फुर्टवेंगलर यांनी १९३३ मध्ये ब्रोनिस्लाव ह्युबरमन या ज्यू व्हायोलिनवादकाला दिले होते. ह्युबरमन यांनी ते नाकारले आणि तीन वर्षांनी, युरोपातून हुसकावल्या जाणाऱ्या वादकांना एकत्र करून, तेल अवीव येथे नवा वाद्यवृंद उभा केला. त्याच्या २६ डिसेंबर १९३६ च्या पहिल्या कार्यक्रमाचे संचालन तोस्कानिनींनी केले. हे दोन संचालक १९३७ च्या उन्हाळ्यात साल्झबर्ग येथे समोरासमोर आले, तेव्हा नाझी राजवटीत जो संचालन करतो तो नाझीच असे तोस्कानिनींनी सुनावल्याचे, आणि बीथोवन जेथे वाजतो तेथे माणसे मुक्तच असतात असे उत्तर त्यांना मिळाल्याचे सांगितले जाते. दोघांचे शब्द नेमके काय होते यापेक्षा मतभेद कशावर होता ते महत्त्वाचे: एकाला संगीत जागेपासून सोडवता येते असे वाटत होते, दुसऱ्याला ते पटत नव्हते.

कोणाचे खरे, याचा पडताळा १९ एप्रिल १९४२ च्या चित्रफितीत मिळतो. हिटलरच्या वाढदिवसाची ती पूर्वसंध्या होती आणि फुर्टवेंगलर बीथोवनच्या नवव्या सिंफनीचे संचालन करीत होते. (सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी रचलेली, साधारणपणे चार भागांची दीर्घ रचना, नववीच्या अखेरच्या भागात गायकवृंद मानवाच्या बंधुत्वाचे काव्य गातो.) हिटलर स्वतः आघाडीच्या मुख्यालयात होता, पण सभागृह स्वस्तिकांनी सजले होते, श्रोत्यांत गणवेशातील आणि जखमी सैनिक दिसतात, आणि अखेरचा स्वर थांबल्यावर गोबेल्स पुढे येऊन मंचाकडे हात वर करतो. फुर्टवेंगलर खाली वाकतात आणि तो हात हातात घेतात. पुढच्या क्षणी त्यांच्या हातातील रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दिसतो, आणि त्यांनी हात पुसला असे त्यांचे समर्थक आजही सांगतात. तसे असेलही. परंतु वृत्तपटगृहांत बसलेल्या जर्मन जनतेला रुमालामागचे मन कळण्याचा काही मार्ग नव्हता. तिला दिसले ते एवढेच की देशातील सर्वांत मोठा संगीतकार आणि देशाचा प्रचारमंत्री हस्तांदोलन करीत आहेत. त्या संध्याकाळी वादन निःसंशय उच्च कोटीचे होते, आणि ते जितके उच्च कोटीचे तितका गोबेल्सचा लाभ अधिक होता. फुर्टवेंगलर यांच्या भूमिकेतील खरी शोकांतिका येथे आहे, कारण ज्या गुणवत्तेच्या बळावर ते संगीताला सत्तेपासून वाचवू पाहत होते त्याच गुणवत्तेची सत्तेला गरज होती.

युद्धानंतर, नाझी राजवटीशी असलेले संबंध तपासणाऱ्या न्यायाधिकरणापुढे डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिन येथे त्यांची सुनावणी झाली, ते निर्दोष ठरले, आणि २५ मे १९४७ रोजी त्यांनी पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालन केले. देशातील सामान्य माणसांना त्या अंधारात बीथोवनची गरज होती म्हणून आपण राहिलो, हा त्यांचा बचाव खोटा नव्हता. तो अपुरा होता.

कॅटलोनियाचे चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी नकाराचा मार्ग धरला आणि तो विलक्षण काटेकोरपणे पाळला. (चेलो म्हणजे खुर्चीवर बसून गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवण्याचे, व्हायोलिनच्याच जातीचे पण खर्जातले मोठे तंतुवाद्य.) स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँको विजयी होऊन कॅटलोनियाही त्याच्या हुकूमशाहीखाली गेल्यावर १९३९ मध्ये ते सीमेपलीकडच्या प्राद या फ्रेंच गावी निर्वासित म्हणून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर मित्रराष्ट्रे फ्रँकोलाही हटवतील अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरल्यावर, फ्रँको सरकारला राजनैतिक मान्यता देणाऱ्या, म्हणजे ते कायदेशीर सरकार आहे असे मानून त्याच्याशी व्यवहार ठेवणाऱ्या देशांत जाहीर वादन न करण्याचा त्यांनी निश्चय केला. अमेरिकेने तर १९५३ मध्ये फ्रँकोशी लष्करी तळांचा करार केला होता.

असे असता १३ नोव्हेंबर १९६१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कासाल्स व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोर वाजवायला बसले. अमेरिकेचे स्पेनविषयक धोरण बदलले नव्हते. म्हणजे ज्याच्या धोरणाशी आपला मतभेद आहे अशा सत्ताधाऱ्यासमोर वाजवण्याचाच हा प्रसंग होता, आणि वरवर पाहता त्यांनी आपलाच नियम मोडला. परंतु बोलोन्या आणि बर्लिन यांच्या शेजारी ही संध्याकाळ ठेवली की फरक लगेच ध्यानात येतो. ते सोळा वर्षे नाही म्हणत आले होते आणि याही वेळी नाही म्हटले असते तर कोणीही त्यांच्या केसाला धक्का लावला नसता. निमंत्रण स्वीकारताना स्वातंत्र्याविषयीची आपली भूमिका त्यांनी पत्राने केनेडींना कळवली होती. मेजवानी पोर्तो रिकोचे गव्हर्नर लुइस मुन्योस मारिन यांच्या सन्मानार्थ होती, आणि पोर्तो रिको हे आता कासाल्स यांचे घर होते. मेंडेल्सन, कुपराँ, शूमान यांच्या रचना वाजवून झाल्यावर शेवटी त्यांनी आपल्या हिरावलेल्या भूमीचे ‘पक्ष्यांचे गीत’ ही कॅटलन लोकधून वाजवली. फ्रँकोशी करार केलेल्या सरकारच्या दिवाणखान्यात, त्या सरकारच्या पाहुण्यांना कॅटलोनियाची आठवण निमूटपणे ऐकावी लागली. त्या रात्रीचा कार्यक्रम कासाल्स यांचा होता.

भारतात हा प्रश्न याच तीव्रतेने एकदाच उभा राहिला, तो आणीबाणीत. सरकारी कार्यक्रमांच्या प्रचारासाठी सहकार्य करावे ही माहिती खात्याची अपेक्षा मुंबईत किशोर कुमार यांनी पुरी केली नाही, आणि मे १९७६ पासून आकाशवाणी व दूरदर्शनवर त्यांची गाणी लावणे बंद करण्यात आले. पुढे आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे हे प्रकरण आले. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी दोन्ही सरकारच्या हाती असताना ही शिक्षा लहान नव्हती. ज्यांनी त्या काळात सरकारी मंचावर गाणी म्हटली त्यांची नावे काढून त्यांना आज दूषणे देण्यात अर्थ नाही, कारण नकाराची शिक्षा डोळ्यांसमोर दिसत असताना दिलेला होकार हा होकार म्हणून मोजताच येत नाही.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की निवडून आलेल्या, आणि पुढच्या निवडणुकीत पडू शकणाऱ्या पुढाऱ्यासमोर गाण्यात विरोधी मताच्या कलावंताला कमीपणा नाही. श्रोत्याचे मत तपासून स्वर लावण्याची आपल्या मैफलींची परंपरा नाही आणि तशी ती पडूही नये. त्याच पुढाऱ्याच्या पक्षाच्या प्रचारसभेत गर्दी जमेपर्यंत गाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण तेथे गाणे सभेचे साधन होते आणि गायकाच्या नावावर सभा मोठी होते. बिदागी कितीही चोख मिळाली तरी न पटणाऱ्या मतासाठी ते काम पत्करू नये. आणि ज्या कलावंताला त्याच्या नावामुळे नाही म्हणणे परवडते त्याच्यावर ते म्हणण्याची जबाबदारी अधिक आहे, कारण त्याच्या मागे बसलेल्या तबलजीला आणि पेटीवाल्याला ते बहुधा परवडत नाही.

बर्लिन फिलहार्मोनिकमधील शंभरेक वादकांना युद्धकाळात सैन्यभरतीतून सूट होती. संचालकाने छडी खाली ठेवली असती तर ते आघाडीवर गेले असते. नकाराची मुभा नसलेल्या आणि होकाराचे श्रेयही न मिळालेल्या या वादकांचा विचार पुढील लेखांकात केला आहे.