‘सा मार्श पा!’ : बंद पडलेला फोन आणि बोलीतली फ्रेंच

आपल्या मंडळातल्या काही घरांतली मुलं शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी फ्रान्समध्ये, नाहीतर कॅनडाच्या क्युबेक प्रांतात आहेत. जाण्याआधी ती फ्रेंचचे वर्ग करतात, परीक्षाही देतात. पण खोलीवरचं इंटरनेट बंद पडलं की शेजाऱ्याला काय सांगायचं, आणि तो वैतागून जे बोलतो त्याचा अर्थ काय, हे क्रमिक पुस्तकात क्वचितच सापडतं. बडोद्यात घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलत वाढलेल्या आपल्याला पुस्तकी भाषा आणि बोली यांतलं अंतर नवं नाही. म्हणून रोजच्या उपयोगाची काही वाक्यं इथे देत आहोत. उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत. फ्रेंच ‘र’ मात्र घशातून काढायचा.

नकार ओळखा शेवटून

पुस्तकात नकाराला दोन शब्द लागतात, क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. ‘सा न मार्श पा’ म्हणजे ‘हे चालत नाही’. बोलताना ‘न’ गळतो आणि ‘सा मार्श पा’ एवढंच उरतं. या क्रियापदाचा मूळ अर्थ पायी चालणे. आपणही यंत्र ‘चालत नाही’ म्हणतो, गुजरातीतही ‘चालतुं नथी’ म्हणतात, त्यामुळे हे वाक्य लगेच लक्षात राहील.

खरी गफलत होते ती बॅटरीच्या वाक्यात. ‘जे प्लू द बात्री’ म्हणजे ‘माझी बॅटरी संपली’. पण शेवटचा ‘स’ उच्चारून ‘प्लूस’ म्हटलं, तर अर्थ होतो ‘जास्त’. ‘जे प्लूस द बात्री क त्वा’ म्हणजे ‘तुझ्यापेक्षा माझी बॅटरी जास्त आहे’. ‘न’ गळल्यावर सगळा अर्थ त्या एका ‘स’वर येऊन थांबतो, तेव्हा कान तिथे ठेवावा. (‘प्लू’मधला स्वर काढताना ओठ ‘ऊ’सारखे गोल करून ‘ई’ म्हणायचं.)

तक्रारीचे शब्द

इंटरनेट किंवा कॉम्प्युटर संथ झाला की म्हणतात ‘सा राम’. आपला ‘यात काही राम नाही’ इथे कामाचा नाही. ‘रामे’ म्हणजे वल्ही मारणे. जोर लावूनही नाव पुढे सरकत नाही, असं ते चित्र आहे. वल्ह्यांचाच आणखी एक शब्द म्हणजे ‘गालेर’. पूर्वी फ्रान्समध्ये कैद्यांना ज्या जहाजांवर वल्ही मारायला लावत, त्यांचं हे नाव. आज ‘से ला गालेर’ म्हणजे ‘काय ही कटकट!’

कॉम्प्युटर एकदम बंद पडला तर ‘मॉनॉर्दी आ प्लाँते’. ‘ऑर्दी’ हे ‘ऑर्दिनातर’चं लघुरूप. हा शब्द 1955 मध्ये आयबीएमच्या विनंतीवरून जाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांनी सुचवला होता.

फोनला रेंज नसेल तर ‘सा काप्त पा’, म्हणजे शब्दशः ‘पकडत नाही’. फोनने ऐन वेळी दगा दिला तर ‘मों तेलेफॉन मा लाशे’. आणि वाय-फायचा उच्चार तिथे ‘वीफी’ असा होतो. ‘वाय-फाय’ म्हटलं तर समोरचा क्षणभर गोंधळतो.

वैताग व्यक्त करायला ‘जाँ ने मार’ (कंटाळा आला बुवा) आणि ‘साम सूल’ (डोकं उठलं नुसतं) ही वाक्यं मित्रमंडळींत सर्रास चालतात. ‘मेर्द’ आणि ‘प्यूताँ’ हे शब्दही कानावर पडतील. ते शिवीचे आहेत, ओळखावेत पण आपण वापरू नयेत.

कोणापाशी काय बोलावं

बोलीतली ही वाक्यं बरोबरीच्या माणसांसाठी आहेत. दुकानात किंवा कंपनीच्या मदत केंद्रात तक्रार सांगण्याआधी ‘बाँजूर’ म्हणावंच लागतं. ते न म्हणता सरळ तक्रार सुरू करणं तिथे उद्धटपणाचं समजतात. एकेरी ‘त्यू’ऐवजी आदरार्थी ‘वू’ वापरावं आणि सौम्य शब्दांत सांगावं: ‘बाँजूर, जे अं सूसी आवेक मा कॉनेक्सियाँ’ (नमस्कार, माझ्या इंटरनेटची जरा अडचण आहे). मग ‘वू पूवे मेदे?’ (मला मदत कराल का?)

क्युबेकला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की फ्रान्समध्ये मोबाइलला ‘पॉर्ताब्ल’ म्हणतात, तर तिथे ‘सेल्यूलेर’. ईमेलला तिथे ‘कूरियेल’ हा शब्द रूढ आहे. तो पुढे फ्रान्सच्या सरकारी भाषेतही आला.

परदेशात नव्याने गेलेल्या मुलाची शेजाऱ्याशी पहिली ओळख बरेचदा अशा किरकोळ अडचणीतूनच होते. जाणाऱ्या मुलांकडून ही वाक्यं घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून घ्यावीत. आजी-आजोबांनीही सोबत म्हणायला हरकत नाही. व्हिडिओ कॉल मध्येच अडकला की नातवाला ‘सा राम!’ म्हणून सांगता येईल.