भांडे पालथे घालून पाहावे

बुटीबोरीच्या एमआयडीसीला लागूनच टाकळघाट आहे. कारखान्यांत पाळी करणाऱ्या कितीतरी जणांची बिऱ्हाडे तिथे असतात. नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी 1968-69च्या हंगामात टाकळघाटची जुनी वस्ती आणि शेजारच्या खापा गावची शिळावर्तुळे उकरली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या लोकांची ही जागा. लोखंडी हत्यारे आणि तांब्याच्या वस्तूंबरोबर इथे खापरांचा खच निघाला. काही खापरे बाहेरून तांबडी, आतून आणि काठाशी काळी होती, तर काही तांबड्या अंगावर काळ्या रंगाने हाताने रंगवलेली.

हाताने रंगवलेल्या इटालियन भांड्यांवर लिहायला बसलो आणि सुरुवात टाकळघाटपासून केली, याला कारण आहे. कुंभाराची अडचण इथे आणि तिथे एकच होती. बहुतेक ठिकाणची माती भाजली की तांबडी होते, आणि तांबड्यावर काळ्या-पांढऱ्याखेरीज दुसरा रंग फारसा उठून दिसत नाही. चित्र रंगीत हवे तर आधी जमीन पांढरी पाहिजे. ती पांढरी कशी केली, यावरून भांड्याचे गाव आणि वय बरेचसे सांगता येते. संग्राहकाचे निम्मे शिक्षण यातच होते.

इटलीतल्या कुंभारांनी यासाठी कथील वापरले. ही युक्ती मूळची इराककडच्या मुसलमान कारागिरांची. ती स्पेनमार्गे इटलीत पोहोचली आणि पंधराव्या-सोळाव्या शतकात फाएन्झा, डेरुटा, उर्बिनो, गुब्बिओ या गावांत बहरली. तिथे या भांड्यांना ‘मायोलिका’ म्हणतात. भांडे एकदा भाजायचे, शिसे आणि कथील घातलेल्या झिलईच्या पाण्यात बुडवायचे, आणि ते सुकून अंगावर पिठासारखा पांढरा थर बसला की त्यावर चित्र काढायचे. खरे कसब इथेच लागते. तो कोरडा थर रंग टिपून घेतो, त्यामुळे ओढलेली रेघ पुसता येत नाही आणि चुकलेली झाकताही येत नाही. मग भांडे पुन्हा भट्टीत जाते, झिलई वितळते आणि रंग तिच्यात मुरतो. चारशे वर्षांपूर्वीच्या ताटातला निळा आजही काल लावल्यासारखा दिसतो तो यामुळे.

रंग मोजकेच होते. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, जांभळट तपकिरी मँगनीजचा, पिवळा अँटिमनीचा, नारिंगी लोखंडाचा. लाल मात्र त्यांना फार छळत असे. भट्टीत तो टिकेना. म्हणून ताटावर लालभडक, तजेलदार रंग दिसला तर ते बहुधा विसाव्या शतकातले समजावे. चिप्रियानो पिकोलपास्सो याने 1557च्या सुमारास कुंभारकामावर सचित्र हस्तलिखित तयार केले. माती कुठून आणावी, भट्टी कशी रचावी, हे सगळे त्यात आहे. कुंचले बकरीच्या आणि गाढवाच्या केसांचे, आणि अगदी बारीक कामासाठी उंदराच्या मिशांचे, हेही आहे. हस्तलिखित आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ती जुनी ताटे तुमच्याआमच्या हाती लागायची नाहीत. आपल्यापर्यंत येते ते विसाव्या शतकातले काम: डेरुटाच्या वेलबुट्टीच्या बश्या, नेपल्सच्या दक्षिणेकडच्या व्हिएत्रीची गाढवे आणि कोळणी रंगवलेली भांडी, आणि फ्लॉरेन्सजवळच्या मोन्तेलुपोतल्या बितोस्सी कारखान्याची. बितोस्सीत आल्दो लोंदी या कलावंताने 1950च्या दशकात ओल्या मातीत ठसे उमटवून वर गडद निळी झिलई दिलेली ‘रिमिनी ब्लू’ मालिका सुरू केली. ती अमेरिकेत भरपूर गेली. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना अशी भांडी जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा घर रिकामे करतानाच्या विक्रीत भेटतात. इकडे मुंबईच्या चोर बाजारात एखादे मिळून जाते. पण चोर बाजारात ‘इटालियन’ हा शब्द फार स्वस्त आहे, तो ऐकून पाकीट उघडू नये.

भांडे हातात आले की चित्राकडे पाहायच्या आधी ते पालथे घाला. बुडाच्या कडेला, जिथे झिलई लागलेली नसते, तिथे मातीचा खरा रंग दिसतो. तिथली माती तांबूस किंवा पिवळट आणि जराशी सच्छिद्र असायला हवी. बूड पांढरेशुभ्र, काचेसारखे घट्ट असेल तर ते मायोलिका नाही. मग अक्षरे वाचा. अमेरिकेने 1891पासून परदेशी मालावर देशाचे नाव घालायची सक्ती केली, आणि ‘मेड इन इटली’ असे पूर्ण लिहिणे त्याही नंतर रूढ झाले. तेव्हा बुडावर हे शब्द आणि विक्रेत्याच्या तोंडी ‘दोनशे वर्षांपूर्वीचे’, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. कोंबड्याचे चिन्ह असेल तर ते फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्याचे असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कारखान्याने जुन्या ताटांच्या इतक्या सुंदर प्रतिकृती काढल्या की आज त्यांचेच संग्राहक आहेत.

उन्हाळ्यात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो, तसेच हेही वाजवावे. तडा असेल तर आवाज बसका येतो. काठाला बारीकसारीक कपच्या उडालेल्या असतात. ते या भांड्यांचे वयच आहे, त्याला घाबरू नये. वाईट ती लपवलेली दुरुस्ती. अंधारात नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला तर नंतर फासलेला रंग वेगळा चमकतो. आणि एक गोष्ट घरच्यांना बजावून ठेवा: या झिलईत शिसे असते. या भांड्यांत लिंबाचे लोणचे, दही, कैरीचे पन्हे ठेवायचे नाही. आंबट पदार्थ शिसे ओढून घेतात. भांडे कपाटातच शोभते.

एवढे शिकल्यावर, माझे मत विचाराल तर, आपल्या माणसाने इटलीच्या मागे फार धावू नये. रंगवलेल्या भांड्यांचे एक सोनेरी प्रकरण मुंबईतच घडले आहे आणि आपण ते जवळजवळ विसरलो आहोत.

सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा 1857मध्ये सुरू झाली. 1865मध्ये तिथे शिल्पकला शिकवायला आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे लेखक रुडयार्ड किपलिंगचे वडील, आणि इंग्लंडमधल्या बर्सलेम या कुंभारांच्या गावात काम केलेले. पण भांड्यांचा ध्यास घेतला तो त्याच शाळेतल्या जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी. 1870च्या दशकात त्यांनी कुंभारकाम सुरू केले आणि ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ नावाची स्वतःची कार्यशाळाही चालवली. कसब सिंधचे होते. सिंधी कुंभार तांबड्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देत, त्यावर चित्र काढत आणि वरून पारदर्शक झिलई चढवत. इटलीने कथलाने जे साधले ते सिंधने पांढऱ्या मातीने साधले. म्हणून मुंबईच्या भांड्यांचे निळे-हिरवे आणि मधाच्या रंगाचे पिवळे खोल आणि ओले दिसतात. मायोलिकासारखे दुधट दिसत नाहीत.

आणि चित्रे? त्याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. त्या नकलांतल्या आकृती, हत्ती, कमळे, वेली भांड्यांवर उतरल्या. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी पुष्कळशा 1885च्या आगीत जळाल्या, त्यामुळे अजिंठा अंगावर घेतलेल्या या सुरया आणि फुलदाण्यांकडे मी जरा जास्तच आदराने पाहतो. वैदर्भीयांना तर यात दुप्पट रस हवा. अजिंठ्याची उत्तम लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम.

जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय कलाकुसरीवरच्या आपल्या 1880च्या ग्रंथात टेरींच्या कामाची दखल घेतली. साहेबलोकांनी ती भांडी विकत घेतली, बोटीने मायदेशी नेली, आणि आज ती ब्रिटनमधल्या लिलावांत डोके वर काढतात. आपल्याकडच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तेव्हा युरोपची चिनी माती मिरवत होती. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांचे तसले संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. गंमत अशी की, मुंबईत बनलेले भांडे विलायतेला गेले आणि विलायतेचे मुंबईत राहिले.

इटलीची रीत मात्र आपल्या शेजारी, गोव्यात, वेगळ्या वाटेने आली. पिसाहून सेव्हिलला गेलेल्या निकुलोसो नावाच्या कारागिराने सन 1500च्या सुमारास रंगवलेल्या फरशांची कला स्पेनमध्ये नेली. पोर्तुगालमध्ये अशा फरशांना अझुलेजो म्हणतात, आणि पोर्तुगीजांबरोबर त्या गोव्यात आल्या. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी 1935मध्ये रंगवलेले निळ्या अझुलेजोंचे मोठे चित्र आहे. पणजीला जाणारे लोक ते न पाहताच बोटीत बसायला जातात.

आणि बुटीबोरीकरांसाठी तर आणखी जवळचे ठिकाण आहे. जामवरून वरोऱ्याकडे वळले की पुढे भद्रावती लागते. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारांना सुधारित भट्ट्या, झिलई आणि चिनी मातीचे काम शिकवले. आज घेतलेले तिथले भांडे अजून प्राचीन नाही, हे खरे. पण बनवणाऱ्याशी बोलून घेतलेल्या वस्तूची माहिती त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली तर पन्नास वर्षांनी तीच वही संग्रहाला किंमत आणते. कुठून घेतले, कोणी केले, कितीला, कधी: एवढे चार रकाने पुरतात.

कायद्याचेही ऐकून ठेवा. शंभर वर्षांवरची कलावस्तू 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. टेरींची भांडी त्यात येतात. टाकळघाट-खाप्याच्या शेतात नांगराला खापर लागले तर ते खिशात घालू नका, जागेवरच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून उचललेल्या खापराची अर्धी माहिती तिथेच राहून जाते.

पहिले भांडे विकत घ्यायच्या आधी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन मुंबई कलाशाळेची भांडी डोळे भरून पाहून या. 1872मध्ये उघडलेली ही वास्तूही पाहण्यासारखी आहे. संग्रहालय बुधवारी बंद असते, तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट मंगळवारचे काढू नका.