नव्या डिस्कवर जुने हिशेब

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने संगणकाविषयी लिहावे, हे सभासद बंधूंस चमत्कारिक वाटेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांचा रोजमेळ व खतावणी त्याच पेटीत असते, आणि २०२५ च्या दिवाळीपूर्वी आमच्या पेढीची खतावणी नाहीशी होता होता वाचली. तो प्रसंग बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य संपले. आमचा संगणक २०१९ सालचा असल्याने अकरावी आवृत्ती त्यावर चालण्याजोगी होती. त्याच सुमारास आतील जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली. तेव्हा पाचशे जीबीची नवी एसएसडी आणून तिजवर नवी कार्यप्रणाली घालावी, असे आमच्या पुतण्याने ठरविले. जुन्या डिस्कमध्ये १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासूनचे सारे हिशेब होते. असे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, हे बंधू जाणतातच. त्यांची शेवटची नक्कल अक्षय्य तृतीयेची. “सणाची गर्दी ओसरू दे, मग नक्कल कर,” असे पुतण्यास सांगणारे आम्हीच. तेव्हा त्याचा दोष दुसऱ्या कोणास देता येत नाही.

पेन ड्राइव्हवरून स्थापना सुरू झाली, डिस्क निवडण्याच्या पायरीपर्यंत गेली आणि तेथेच अडली. या डिस्कवर एमबीआर पद्धतीचे कोष्टक आहे व अशा संगणकावर विंडोज केवळ जीपीटी डिस्कवरच बसते, असा निरोप पडद्यावर आला. नवी डिस्क सदोष निघाली असे समजून ती दुकानदारास परत करण्याची भाषाही झाली. वास्तविक डिस्क निर्दोष होती.

वखारीत कोणती थप्पी कोठून कोठपर्यंत आहे, याची यादी नसेल तर माल असूनही हमालास तो सापडत नाही. डिस्कच्या आरंभीही अशीच यादी असते. एमबीआर ही १९८३ सालची जुनी रीत. तीत मुख्य विभाग चारच, आणि सामान्यतः दोन टीबीपलीकडची जागा तिला मोजता येत नाही. जीपीटीत विंडोज १२८ विभागांपर्यंत मुभा देते आणि यादीची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस राखली जाते, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. संगणक सुरू होण्याच्याही दोन रीती आहेत: जुनी बायोसची आणि नवी यूईएफआयची. नव्या रीतीने स्थापना सुरू केली की ती जीपीटीच मागते. कित्येक संगणकांच्या प्रारंभीच्या यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ या अक्षरांसह व एकदा त्यांवाचून. येथे चुकीची ओळ निवडली तरी हाच घोटाळा होतो. आमच्याकडे ओळ बरोबर निवडली होती. परंतु पुतण्याने नवी डिस्क आधी जुन्या विंडोजमध्ये जोडून पाहिली, आणि कोणते कोष्टक हवे असे विचारले असता, जुन्या डिस्कचे तेच म्हणून एमबीआर निवडले. शिवाय विभाग पाडून तो तयारही करून ठेवला. कोरी डिस्क तशीच कोरी दिली असती तर स्थापनेने स्वतःच जीपीटी केले असते!

उपाय मोबाईलवर सापडला. शिफ्ट व एफ-१० ही बटणे एकत्र दाबून काळी खिडकी उघडावयाची, ‘डिस्कपार्ट’ लिहावयाचे, मग ‘लिस्ट डिस्क’, इष्ट डिस्क निवडावयाची, ‘क्लीन’ आणि शेवटी ‘कन्व्हर्ट जीपीटी’. पुतण्या भराभर लिहीत होता. आम्हांस त्यातील काही कळत नव्हते, परंतु पडद्यावर ४६५ जीबीच्या दोन ओळी दिसल्या, तेव्हा सहज विचारले, “अरे, यांतली आपली जुनी कोणती?”

त्याचा हात थांबला. “काका, शून्य क्रमांकाची नवी असावी.”

“असावी की आहे?”

त्यास उत्तर देता येईना. जुनी डिस्कही पाचशे जीबीचीच होती. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो व संगणक १०२४ च्या पटीत, म्हणून पाचशेचे ४६५ दिसतात. कच्चा मण आणि पक्का मण यांसारखाच हा प्रकार. दोन्ही डिस्क एमबीआर, दोन्हींवर विभाग, दोन्हींत मोकळी जागा नाममात्र. आणि ‘क्लीन’ ही आज्ञा “खात्री आहे काय?” असे एका शब्दानेही विचारीत नाही. यादी पुसली गेल्यावरही माल आत राहतो आणि जाणकार तो पुष्कळदा काढून देतात, हे आम्हांस मागाहून कळले. त्या क्षणी मात्र साडेपाच महिन्यांची येणी-देणी डोळ्यांपुढे उभी राहिली.

‘डिटेल डिस्क’ या आज्ञेने निवडलेल्या डिस्कच्या कंपनीचे नाव कळते. परंतु आम्ही त्यावरही भिस्त ठेवली नाही. संगणक बंद केला, विजेची वायर काढली, पेटी उघडून जुन्या डिस्कच्या तारा सोडविल्या. पुन्हा सुरू केल्यावर पेन ड्राइव्ह सोडता एकच ओळ उरली. मग ‘क्लीन’ लिहिण्यास कोणाची भीती? तारा सोडविण्याचा दुसरा लाभ असा की, जुन्या डिस्कवर प्रारंभाचा विभाग असेल तर नवी विंडोज आपल्या किल्ल्या कधी कधी तेथेच ठेवते, आणि पुढे जुनी डिस्क काढताच नवी सुरू होत नाही.

यानंतर स्थापना निर्विघ्न झाली. एकदा मात्र संगणक फिरून पहिल्याच पडद्यावर आला. पेन ड्राइव्ह आतच राहिला होता, तो काढताच पुढे चालू लागला. ज्यांच्या नव्या इंटेल लॅपटॉपवर स्थापनेच्या वेळी डिस्क मुळीच दिसत नाही, त्यांनीही डिस्कवर संशय घेण्याची घाई करू नये. पुष्कळदा लॅपटॉपच्या कंपनीचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घालून त्याच पडद्यावरून चढवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क जोडून सर्व हिशेब उतरवून घेतले. खतावणी उघडली, गव्हाची शिल्लक वखारीतील थप्प्यांशी ताडून पाहिली, ती जुळली. जुन्या डिस्कवर पुतण्याने कागद चिकटवून ठळक अक्षरांत ‘जुनी’ असे लिहिले, आणि आता ती तिजोरीत जुन्या वह्यांच्या शेजारी आहे.