बंदीनंतरची मर्यादा
युरोपातील कामगार-सुरक्षा : लेखांक ११

अ‍ॅस्बेस्टॉसची विक्री आणि नवा वापर युरोपीय संघात १ जानेवारी २००५ पासून जवळजवळ पूर्णपणे बंद आहे. तरीही २२ नोव्हेंबर २०२३ रोजी युरोपीय संसद आणि मंत्रिपरिषद यांनी नवा निर्देश काढून कामाच्या जागी हवेत किती अ‍ॅस्बेस्टॉस चालेल याची मर्यादा दहापटींनी खाली आणली. गेल्या आठवड्यातल्या प्रतिबंधाच्या क्रमवारीवर आलेल्या पत्रांत हाच प्रश्न आहे. 'धोका मुळातच टाळा' हे पहिले तत्त्व, आणि पदार्थावर बंदीही. मग मर्यादा उरते कशाची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरात कामगार-आरोग्याच्या धोरणाची सगळी अवघड कलमे येऊन बसतात. त्यामुळे सुरक्षा प्रतिनिधींचे ठरलेले प्रकरण या वेळी मागे ठेवले आहे.

उत्तराचा पहिला भाग इमारतींत आहे. बंदीने नवा माल थांबला. बसवलेला माल जागच्या जागी राहिला. छपरांचे सिमेंटचे पत्रे, बॉयलर आणि वाफेच्या नळांभोवतीची वेष्टने, लोखंडी तुळयांवर आगीपासून बचावासाठी फवारलेला थर, जमिनीच्या फरश्या आणि त्यांखालचा गोंद, आगरोधक दरवाजे, छताचे रंग अशा असंख्य जागी तो मुरलेला आहे. युरोपीय संघातल्या सुमारे ८५ टक्के इमारती २००१ पूर्वीच्या आहेत. ऊर्जा वाचवण्यासाठी २०३० पर्यंत साडेतीन कोटी इमारतींची डागडुजी करण्याचे उद्दिष्ट युरोपीय आयोगाने २०२० मध्ये जाहीर केले. त्यामुळे जुनी छपरे उतरणार, भिंती फुटणार आणि दडलेले तंतू मोकळे होणार. आजही ४१ ते ७३ लाख कामगारांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क येतो आणि त्यांतले ९७ टक्के बांधकामातले आहेत, असा आयोगाचा अंदाज आहे.

पूर्वीच्या अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगाराला आपण कशात काम करतो हे निदान ठाऊक होते. आजचा प्लंबर, वायरमन किंवा सुतार भिंतीला ड्रिल लावतो तेव्हा आत काय आहे हे त्याला बहुधा माहीत नसते. ब्रिटनमध्ये ज्युलियन पीटो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या धोक्याचे माप दाखवले. १९४० च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीपूर्वी दहा वर्षांहून अधिक सुतारकाम केलेल्या पुरुषांत आयुष्यभरात मेसोथेलिओमा होण्याची शक्यता १७ मध्ये १ इतकी निघाली. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो तंतू श्वासात गेल्यानंतर वीस ते पन्नास वर्षांनी उघड होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

हे सगळे ठाऊक व्हायला उशीर झाला, असे नाही. ब्रिटनमधल्या पहिल्या महिला कारखाना-निरीक्षकांपैकी लूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचे दुष्परिणाम नोंदवले. वैद्यकीय निरीक्षकाने ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा काचेसारखे धारदार, कंगोरेदार कण दिसले होते. फ्रान्समध्ये कां शहरातले श्रम-निरीक्षक दनी ओरिबो यांनी १९०६ मध्ये कोंदे-स्युर-न्वारो इथल्या गिरणीतल्या कामगारांचे मृत्यू कागदावर आणले. दोन्ही अहवालांतून नियम काही निघाला नाही. पुढे ब्रिटनमधले कारखाना-निरीक्षक मेरेवेदर आणि प्राइस यांनी अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातले ३६३ कामगार तपासले. त्यांतल्या ९५ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुसे घट्ट होत जाण्याचा आजार, आढळला. त्यांच्या १९३० च्या अहवालानंतर, १९३१ मध्ये, ब्रिटनने पहिले नियम केले. पण ते कारखान्यांतल्या ठरावीक प्रक्रियांपुरते होते. जहाजांवर आणि इमारतींत नळांना वेष्टने घालणारे कामगार त्यांबाहेर राहिले, आणि पुढच्या दशकांत मोठी किंमत त्यांनीच मोजली.

१८९८ मध्ये धूळ दिसली होती. ती मोजता येत नव्हती. हवेतले तंतू मोजण्याची सर्वमान्य पद्धत १९६० च्या दशकात रुळली आणि ती मूळ रूपात अजून चालते. कामगाराच्या पट्ट्याला लहान पंप बांधतात आणि त्याची नळी गळपट्टीपाशी, नाकातोंडाजवळ, अडकवतात. काम चालू असताना पंप तिथली हवा एका पातळ फिल्टरमधून ओढतो. प्रयोगशाळेत रसायनाच्या वाफेने तो फिल्टर पारदर्शक करतात, फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि आखलेल्या वर्तुळांतले तंतू एकेक करून मोजतात. मोजायचा तंतू कोणता, हेही ठरलेले आहे : लांबी ५ मायक्रोमीटरहून जास्त, जाडी ३ मायक्रोमीटरहून कमी, आणि लांबी जाडीच्या तिपटीहून अधिक.

या पद्धतीत दोन उणिवा आहेत. सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून बारीक तंतू या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाहीत, आणि दिसलेला तंतू अ‍ॅस्बेस्टॉसचा, काचेचा की जिप्समचा हे त्यावरून कळत नाही. धूळ गच्च असलेल्या गिरणीत ही उणीव खपून जात होती, कारण तिथला बहुतेक तंतू अ‍ॅस्बेस्टॉसचाच असे. मर्यादा खाली आली की मात्र नमुन्यात मोजके तंतू उरतात, आणि त्यांतले खरे कोणते हा प्रश्न निर्णायक ठरतो.

आता आकडे पाहू. ब्रिटिश ऑक्युपेशनल हायजिन सोसायटीने १९६८ मध्ये हवेच्या एका घनसेंटिमीटरला २ तंतू ही मर्यादा सुचवली. तिचा आधार होता रॉचडेल इथल्या एकाच कारखान्यातल्या २९० पुरुषांची तपासणी. पन्नास वर्षे अशा हवेत काम केले तरी अ‍ॅस्बेस्टॉसिसची पहिली लक्षणे शंभरात एकापेक्षा जास्त जणांत दिसणार नाहीत, असा हिशेब त्यामागे होता. पुढच्या तपासण्यांत तो टिकला नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की त्या हिशेबात कर्करोग धरलेलाच नव्हता. रिचर्ड डॉल यांनी अ‍ॅस्बेस्टॉस आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ मध्ये दाखवला होता, आणि दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर यांनी मेसोथेलिओमाचा संबंध १९६० मध्ये.

युरोपीय समुदायाचा पहिला अ‍ॅस्बेस्टॉस निर्देश १९८३ चा. त्यात मर्यादा होती १ तंतू, आणि जास्त घातक मानलेल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉससाठी ०.५. १९९१ मध्ये पांढऱ्यासाठी ती ०.६ झाली आणि इतर प्रकारांसाठी ०.३. २००३ मध्ये सगळ्या प्रकारांना एकच आकडा आला, ०.१. आणि २०२३ मध्ये ०.०१. सगळे आकडे एका घनसेंटिमीटर हवेचे आहेत. २००३ चा आणि २०२३ चा आकडा आठ तासांची सरासरी म्हणून पाळायचा असतो. कामगार एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा श्वासात घेतो असे धरले, तर १ तंतूच्या मर्यादेत राहूनही एका पाळीत एक कोटी मोजण्याजोगे तंतू आत जातात. ०.१ ला ते दहा लाख होतात आणि ०.०१ ला एक लाख. कायदा पाळणाऱ्या मालकाच्या आवारातले हे आकडे आहेत.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत अमुक पातळीच्या खाली धोका शून्य, अशी रेषा सापडलेली नाही. युरोपीय रसायन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये हेच मांडले. समितीच्या अंदाजाने ०.१ तंतूच्या हवेत आयुष्यभर नोकरी करणाऱ्या एक लाख कामगारांमागे सुमारे १२५ जादा कर्करोग होतील, तर ०.०१ ला सुमारे १२. म्हणून मर्यादा ही सुरक्षिततेची हमी नव्हे. एवढा धोका आपण कामगाराच्या माथी मारायला तयार आहोत, असे समाजाने दिलेले ते उत्तर आहे, आणि ते दर पिढीने पुन्हा तपासलेच पाहिजे.

संसदेने २०२१ च्या ठरावात ०.००१ मागितले होते. आयोगाने २०२२ मध्ये ०.०१ सुचवले. तडजोड निघाली ती मोजणीच्या मार्गाने. सदस्य देशांनी ०.०१ ची मर्यादा २१ डिसेंबर २०२५ पर्यंत आपल्या कायद्यात आणायची, आणि २१ डिसेंबर २०२९ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा त्याच्या तोडीच्या पद्धतीने मोजणी करायची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला बारीक तंतू दिसतात, आणि जोडीच्या क्ष-किरण विश्लेषणातून तंतू कशाचा आहे हेही कळते. तेव्हापासून प्रत्येक देशाला दोन पर्याय आहेत : ०.२ मायक्रोमीटरहून बारीक तंतू धरून ०.०१, किंवा ते वगळून ०.००२. मधली वर्षे दिली आहेत ती प्रयोगशाळांनी यंत्रे घ्यावीत आणि माणसे तयार करावीत म्हणून. हे अशक्य नाही, याचा दाखला युरोपातच आहे. फ्रान्सने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मोजणी आधीच स्वीकारली आणि २०१५ मध्ये मर्यादा लिटरला १० तंतूंवर, म्हणजे याच ०.०१ वर आणली; नेदरलँड्समध्ये ०.००२ लागू आहे.

पण फिल्टर मोजून कळते ते धूळ उडाल्यानंतर. त्यामुळे नव्या निर्देशातली सर्वांत मोलाची कलमे आकड्याच्या बाहेर आहेत. देशात बंदी येण्यापूर्वी बांधलेल्या इमारतीत पाडकाम किंवा दुरुस्ती सुरू करण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे याची माहिती मालकाकडून मिळवायची. ती नसेल तर जाणत्या माणसाकडून तपासणी करून घ्यायची. सापडलेला अ‍ॅस्बेस्टॉस नुसता झाकून ठेवण्यापेक्षा काढून टाकण्याला प्राधान्य द्यायचे. पाडकामाचे किंवा अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराकडे परवाना हवा आणि कामगारांना त्या कामाचे खास शिक्षण हवे. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, हा नियम जुनाच आहे आणि तो पाळायला हवा तो घरच्यांसाठीही. उत्तर इटलीतल्या कासाले मोनफेर्रातो इथला एटर्निटचा कारखाना १९०७ ते १९८६ चालला. तिथे कामगारांच्या कपड्यांतून धूळ घरात गेली, कारखान्यातला चुरा लोकांनी अंगणांत आणि माळ्यांवर पसरला, आणि कारखान्याची पायरीही न चढलेली माणसे मेसोथेलिओमाने गेली. त्याबद्दल चाललेल्या खटल्यातली शिक्षा इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मुदतीच्या मुद्द्यावर रद्द केली, कारण मुदत कारखाना बंद झाल्यापासून मोजली गेली. गावात माणसे मात्र त्यानंतरही आजारी पडत होती.

म्हणून शेवटचे कलम नोंदींचे. संपर्क आलेल्या कामगाराची आणि त्याच्या वैद्यकीय तपासणीची नोंद संपर्क संपल्यावर निदान ४० वर्षे जपायची, असे युरोपीय निर्देश सांगतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना असाच आदेश दिला : नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यावर १५ वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर कामगाराची आरोग्य-नोंद ठेवायची. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे अजून विकले जातात, त्यामुळे हा आदेश इथे आजच्या कामगारासाठीही आहे. आजार उघड होतो तेव्हा कारखाना बंद झालेला असतो, कंत्राटदार बदललेला असतो आणि सोबतचे कामगार पांगलेले असतात. तेव्हा हातात कागद असेल तर कारण सिद्ध होते आणि भरपाई मिळते. नसेल तर कायद्यातली मर्यादा कितीही खाली असली तरी त्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.

ही नोंद होते की नाही, तपासणी खरी झाली की कागदावर, पंप बांधला त्या दिवशी नेहमीचेच काम चालले होते का, हे पाहायला रोज कामावर असणारा माणूस लागतो. युरोपीय कायद्याने तो माणूस ठरवला आहे : कामगारांचा सुरक्षा प्रतिनिधी. त्याचे अधिकार, त्याला मिळणारे संरक्षण आणि लहान कारखान्यांत त्याची पडणारी उणीव हा पुढच्या आठवड्याचा विषय.