रीबूटनंतर उरेल ते

काळ्या पडद्यावर लाल चांदण्यांची छोटीशी रांग डावीकडून उजवीकडे सरकते, परत फिरते. शेजारी सेकंद मोजले जाताहेत, मुदत दीड मिनिटाची. मशीन एक डिस्क शोधतंय आणि ती त्याला सापडत नाही, कारण तिचा ३२ अक्षरी ओळखक्रमांक हाताने उतरवताना मी एका जागी 'बी'ऐवजी आठ लिहिलाय. दीड मिनिट संपतं. आता 'इमर्जन्सी मोड'. रूटचा पासवर्ड टाका आणि काय बिघडवलंय ते निस्तरा.

"परत बंद पडलं का रं त्ये?" खालून आण्णा विचारतात.

"पडलं नाही आण्णा, मीच पाडलं."

आमचं गलाईचं दुकान बंगळुरातल्या शिवाजीनगरात, ज्वेलर्स स्ट्रीटवरून आत वळणाऱ्या एका बोळात. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन देशभर पांगली, त्यातलेच आण्णा. खाली मूस, टाकणखार आणि तेजाबाचा वास. वर माळ्यावर माझी 'लॅब', म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि एक जुना लॅपटॉप. दिवसा मी एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर असतो. कुणाचा पासवर्ड विसरलेला, कुणाचा प्रिंटर रुसलेला. सर्व्हरच्या खोलीत जाणारी माणसं वेगळी. त्यांच्या गळ्यातलं कार्ड जे दार उघडतं ते माझ्या कार्डाने उघडत नाही. लिनक्स शिकायचं ठरवण्यामागे एवढंच कारण होतं, उगाच मोठं काही सांगत नाही.

शिवाजीनगर हा काही कॉम्प्युटरचा भाग नव्हे. १९२७ मध्ये बांधलेल्या रसेल मार्केटमध्ये मटण, मासळी आणि फळं विकली जातात. सप्टेंबरात सेंट मेरीच्या जत्रेला भगवे कपडे घातलेल्या भक्तांनी रस्ते भरतात. आणि गुजरी बाजारात गाडीचा असा एकही भाग नाही जो सुटा मिळत नाही. इथली दखनी ऐकताना गावाकडच्या माणसाला बरं वाटतं. 'नक्को' हा शब्द कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेला हे सांगायची गरज पडत नाही. कॉम्प्युटरसाठी मात्र एस. पी. रोड गाठावा लागतो. तिथल्या एका गाळ्यात मी तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हवर हात ठेवला तर दुकानदार म्हणाला, "लिनक्स के वास्ते? नवाँ कौनसा डालते? दसवाँ डालना बोले तो ये नक्को."

त्याचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची दहावी आवृत्ती इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर चालतच नाही. नववीला जुनाही पुरतो. मी रेड हॅटच्या परीक्षेची तयारी नववीवर करणार होतो, म्हणून तोच घेतला आणि रॅम आठ जीबी करून घेतली. वर विंडोज तसंच ठेवून त्याच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, आणि त्यात दोन खोटी मशीनं उभी केली. दोन्हींवर रॉकी लिनक्स, कारण ते रेड हॅटशी जवळपास शब्दाला शब्द जुळतं आणि फुकट आहे. खोट्या मशीनचं सुख असं की मोडलं तर स्नॅपशॉटवर परत जाता येतं. खालच्या भट्टीत ती सोय नाही.

पहिले पंधरा दिवस नुसत्या चालण्यात गेले. कुठे उभा आहे, आजूबाजूला काय आहे, वर कसं जायचं, खाली कसं उतरायचं. माउसची सवय लागलेल्या माणसाला हे अंधारात घर चाचपडण्यासारखं वाटतं. पण लिनक्सच्या घराचा आराखडा ठरलेला असतो. सेटिंग्ज ईटीसीत, नोंदी व्हारमध्ये, माणसांची बिऱ्हाडं होममध्ये. एकदा पाय बसले की दिवा लागत नाही.

मग परवानग्या. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक. मालकाला किती, गटाला किती, बाकीच्यांना किती, अशा तीन बेरजा शेजारी शेजारी मांडल्या की ६४० किंवा ७५५ तयार होतं. हा हिशेब आण्णांना मी एकदा दाखवला. त्यांना तो लगेच पटला. तिजोरीची किल्ली, दुकानाची किल्ली आणि नुसतं आत येऊन बसायची मुभा यातला फरक त्यांना शिकवावा लागत नाही.

सगळ्यात लाजिरवाणी चूक याच टप्प्यावर झाली. स्वतःला एका नव्या गटात घालायचं होतं. युजरमॉडला 'जी'च्या आधी 'ए' द्यायचा असतो, म्हणजे 'आधीचे गट ठेव आणि हा त्यात वाढव'. मी नुसता 'जी' दिला. मशीनने निमूट ऐकलं आणि मला बाकी सगळ्या गटांतून काढून टाकलं, त्यात व्हीलही आलं. रेड हॅटच्या घराण्यात व्हील गटात असलेल्यालाच सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने काम करणं, चालतं. परत लॉगिन करून सुडो मारला तर उत्तर आलं की तुमचं नाव यादीत नाही, या घटनेची नोंद कळवली जाईल. कळवणार कोणाला? या मशीनवर मी एकटाच होतो. रूटचा पासवर्ड मी ठेवलाच नव्हता, त्यामुळे बूट मधेच अडवून तो नव्याने बसवायचा धडा मला अभ्यासक्रमाच्या बराच आधी शिकावा लागला. हा धडा परीक्षेच्या जाहीर यादीत आहे, पण तोपर्यंत मी तो 'नंतर बघू' म्हणून सोडला होता.

लिनक्सचा जन्म सगळ्यांना ठाऊक असतो: ऑगस्ट १९९१, हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स, छंद म्हणून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. ती बंगळुरात कशी रुजली हे शोधताना मला एक ओळखीचं आडनाव भेटलं. अतुल चिटणीस. जन्म १९६२ चा, बर्लिनमधला; पण वाढले बेळगावात आणि इंजिनिअरिंगही तिथलंच. बंगळुरात त्यांनी १९८९ मध्ये सीआयएक्स नावाचा बुलेटिन बोर्ड सुरू केला, म्हणजे मोडेमने फोन लावून निरोप ठेवायची जागा. घरोघरी इंटरनेट नव्हतं, शेकडो एमबी उतरवून घेणं कोणाच्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. तो पुढाकार त्यांचा. त्या काळात शिकलेले एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आहेत. त्यांनी ती सीडी दोन मित्रांत फिरवून वापरली होती आणि माझ्या 'डाउनलोड हळू चाललंय' या तक्रारीला ते नुसते हसले. २००१ मध्ये 'लिनक्स बंगलोर' परिषद सुरू झाली, २००५ मध्ये तिचं 'फॉस डॉट इन' झालं. चिटणीस जून २०१३ मध्ये गेले, इथेच, बंगळुरात. बेळगावचा माणूस म्हटल्यावर आण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "आपलं मराठी बोलायचं का?" मला उत्तर देता आलं नाही.

आता परीक्षा. रेड हॅटची पहिली पायरी आरएचसीएसए. रेड हॅट म्हणजे लाल टोपी, आणि ती खरोखरच एकाची टोपी होती. कंपनीच्या संस्थापकांपैकी मार्क युइंग आजोबांची लाल टोपी घालून कॉलेजात फिरायचा. या परीक्षेत पर्याय नसतात, टिकमार्क नसते. मशीन देतात, कामांची यादी देतात, आणि तीन तास. तीनशेपैकी दोनशे दहा मिळाले तर पास, आणि ते प्रमाणपत्रही तीनच वर्षं चालतं. इंटरनेट बंद. मदतीला फक्त मशीनच्या आत असलेली कागदपत्रं, मुख्यतः मॅन पानं, म्हणजे प्रत्येक आज्ञेची माहिती. ज्या माणसाला मॅन पान चाळता येत नाही त्याला ही परीक्षा सुटणार नाही असं माझं मत झालंय. नावं पाठ करण्यात अर्थ नाही. 'मॅन'ला 'के' जोडून शब्द शोधायचा, पान उघडायचं आणि सरळ तळाशी उदाहरणांवर जायचं. हा एक हातखंडा मला तीन महिन्यांच्या क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडला.

क्लासचा विषय निघालाच आहे तर, एका ठिकाणी मी चौकशीला गेलो होतो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आवाज खाली करून 'डम्प' हवे का असं विचारलं. डम्प म्हणजे फोडलेले प्रश्न. करार मोडतो हा भाग वेगळाच, पण हाताने करायच्या परीक्षेत त्याचा उपयोग तरी काय? पोहण्याचा पेपर फोडून कोणी तरंगलाय का?

मला सगळ्यात गोडी लागली ती एलव्हीएमची. डिस्क थेट वापरायची नाही. आधी तिला कच्चा माल म्हणून नोंदवायचं, मग तीन-चार डिस्कांचा माल एका कोठारात ओतायचा, आणि त्या कोठारातून हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा. कोठार ठरावीक मापाच्या ढेकळांत मोजलं जातं, काही सांगितलं नाही तर प्रत्येक ढेकूळ चार एमबीचं. तुकडा कमी पडला तर चालू मशीनवर वाढवता येतो, वापरणाऱ्याला कळतही नाही. फक्त एक्सएफएस फाइल सिस्टिम असेल तर ती वाढते, पण परत आवळता येत नाही. मी पहिल्या दिवशी हौसेने वाढवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जागा परत मागायला गेलो. ती मिळाली नाही.

एसईलिनक्सला सगळे शिव्या देतात. मीही दिल्या. परवानग्या ठीक, फायरवॉल ठीक, वेब सर्व्हर चालू, तरी पान उघडेना. कारण असं की इथे प्रत्येक फाइलला आणखी एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि चिठ्ठी जुळली नाही तर आत सोडत नाहीत. मी ते पान घरच्या फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवलं होतं. हलवताना जुनी चिठ्ठी तशीच सोबत येते. 'सीपी'ने प्रत काढली असती तर नव्या जागेची चिठ्ठी लागली असती. दोन अक्षरांच्या या फरकावर मी रविवारची अख्खी दुपार घालवली. गुजरीतून येणारा हातोड्यांचा आवाज त्या दिवशी मला ऐकूच आला नाही.

परीक्षा घरी बसूनही देता येते, पण अटी बघा: खोलीत दुसरं कोणी नको, वेगळा वेबकॅम हवा, खोली चारी बाजूंनी दाखवायची. आमच्या माळ्यावर आईच्या मसाल्याचे डबे आहेत आणि ती दर वीस मिनिटांनी त्यांच्यासाठी वर येते. मी परीक्षा केंद्राची तारीख घेतली. फी पाच आकडी आहे. तो आकडा आण्णांना मी दोन हप्त्यांत सांगितला.

तारखेच्या आधीच्या शनिवारी पूर्ण सराव. तीन तासांचा गजर लावला, फोन खाली देऊन आलो. युजर, गट, क्रॉन, स्वॅप, दोन तुकडे, वेब सर्व्हर वेगळ्या पोर्टवर. चांदण्यांनी शिकवलेलं असल्यामुळे एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्कांच्या यादीत, ओळ लिहिल्यावर लगेच 'माउंट -ए' मारून पाहिलं, आणि ओळखक्रमांक हाताने न उतरवता मशीनकडूनच फाइलमध्ये ओतून घेतला. दोन तास चाळीस मिनिटांत यादी संपली.

आण्णा पाणी प्यायला वर आले होते, ते जिन्याच्या तोंडाशीच बसले.

"झालं?"

"झालं. आता बंद करून परत सुरू करायचं. तपासणारे रीबूट झाल्यावर जे शिल्लक असतं तेवढंच धरतात."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "टंचाचं मशीन बी वरवरचंच सांगतं. आतलं बघायचं तर आटवावंच लागतं."

रीबूट. पडदा काळा झाला. मी चांदण्यांची वाट बघत होतो, त्या आल्या नाहीत. लॉगिन आलं. डिस्का जागेवर, स्वॅप जागेवर, फायरवॉलचं दार उघडं. मग वेब पान मागितलं. कनेक्शन नाकारलं.

सर्व्हर बंदच होता. मी त्याला 'स्टार्ट' म्हटलं होतं, 'एनेबल' म्हणायचं विसरलो होतो. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू हो. एनेबल म्हणजे प्रत्येक वेळी उठलास की आपणहून चालू हो. 'एनेबल'ला 'नाऊ' जोडून दोन्ही कामं एका ओळीत होतात, हे मला माहीत होतं, वहीत दोनदा लिहिलेलंही होतं.

"काय निघालं?" आण्णांनी विचारलं.

"एक काम गेलं."

त्यांनी तांब्या उचलला आणि खाली गेले. गजर वाजायला अजून बारा मिनिटं होती. मी दोन्ही मशीनं स्नॅपशॉटवर मागे नेली आणि यादी पहिल्या ओळीपासून परत काढली.